पुढचं कंपाउंड आणि मागची वई

घर बांधताना बँक प्रश्न विचारते, ग्रामपंचायत विचारते, आर्किटेक्ट तर विचारून विचारून हैराण करतो. कुंपणाच्या बाबतीत कुणी काही विचारत नाही. सगळे थेट सांगतात. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस मोटरसायकल कडेला घेतो, गाडी बंद न करता "चिरा लावू नका, जाळी मारा" एवढं बोलतो आणि गिअर टाकून निघून जातो. तो कोण, कुठला, त्याच्या स्वतःच्या घराला कुंपण आहे का, कशाचाही पत्ता लागत नाही. सल्ला मात्र आपल्याकडे राहतो.

मुंबईहून निवृत्त होऊन परतलेला चाकरमानी आमच्या सिंधुदुर्गात ओळखायला आधार कार्ड लागत नाही. गाववाल्याचं घर आधी दिसतं, चाकरमान्याचं कंपाउंड आधी दिसतं. त्याला दोष देऊ नये. तीस-पस्तीस वर्षं डोंबिवलीत शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच घरातल्या समजून मोजलेल्या असतात. असा माणूस स्वतःच्या वीस गुंठ्यांत उभा राहिला की त्याला पहिली भूक लागते ती हद्दीची. मीही त्याच गोत्रातला, तेव्हा हे सगळं आतल्या गोटातून सांगतोय.

तर माझं निरीक्षण असं, की घराला कुंपणं दोन असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. पुढचं असतं माणसांनी बघायला, मागचं असतं जनावरांनी न यायला. गुरं, माकडं, रानडुकरं आणि शेजारी हे सगळे मागच्या बाजूनं येतात. पुढून येतात ते फक्त वर्गणीवाले, आणि त्यांना आपण स्वतःच गेट उघडून देतो. तरीही खर्चाचा बारा आणे भाग पुढच्या कंपाउंडवर होतो. मागची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले असतात, म्हणून मागे "सध्या" म्हणून काहीतरी उभं राहतं. आमच्या गावात पंचवीस वर्षांची सध्याची कुंपणं आहेत.

पुढच्या कंपाउंडची सुरुवात गेटपासून होते. फॅब्रिकेशनवाला आपल्या मोबाइलवर नमुने दाखवतो. मोर, उगवता सूर्य, घोड्याची तोंडं, वर सोनेरी रंग दिलेले भाले. भाले बघून वाटतं, आपल्या वीस गुंठ्यांवर कुणीतरी स्वारी करणार आहे. खांबांवर काय बसवायचं हा पुढचा प्रश्न. सिमेंटचे सिंह तयार मिळतात, हत्ती मिळतात, आणि ज्यांना कुणाशीच वाकडं नको त्यांच्यासाठी गोल दिवे मिळतात. सिंहाचं तोंड रस्त्याकडे करायचं की घराकडे, असं मी गवंड्याला विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "सिंह रस्त्याकडेच. हत्ती असता तर कुठंही चाललं असतं." त्यामागचं शास्त्र त्याच्या गुरूनं त्याला सांगितलं नव्हतं, त्यामुळे मलाही कळलं नाही.

भिंत किती उंच, यावर मात्र शास्त्र आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिलंय की कंपाउंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून १.५ मीटरपर्यंत असावी. २.४ मीटर हवीच असेल, तर वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा ठेवावा. कोपऱ्यावरचं घर असेल तर वळणाशी भिंत आणखी ठेंगणी, म्हणजे वळणाऱ्या गाड्यांना एकमेकींची तोंडं दिसतील. आणि हे नियम तुरुंगाच्या भिंतींना लागू नाहीत, असंही तिथं स्पष्ट म्हटलंय. माझ्या एका मित्राला सगळीकडून आठ फुटी सलग भिंत हवी होती. त्याला मी हे कलम दाखवलं आणि घराच्या पाटीवर काय लिहायचं ते आधी ठरव म्हटलं. भिंत सहा फुटांवर आली.

माझी भाची इंग्लंडात लेस्टरला राहते. ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. रस्त्यालगत १ मीटर, बाकी सगळीकडे २ मीटर, त्याच्यावर गेलं तर कौन्सिलची परवानगी." म्हणजे पुढचं ठेंगणं आणि मागचं उंच, हे त्या लोकांनी कायद्यातच घालून टाकलंय. आपल्याकडे बरोबर उलटं. पुढे किल्ला आणि मागे दोन काठ्यांना बांधलेलं जुनं नायलॉनचं पातळ. तिच्याकडे लाकडी फळ्यांचं कुंपण असतं आणि वादळ आलं की ते शेजाऱ्याच्या हिरवळीवर आडवं होतं. मग पडलेलं कुंपण कुणाचं यावर दोन्ही घरं अत्यंत सभ्य भाषेत पत्रव्यवहार करतात. आपल्याकडे पत्रव्यवहार नसतो. प्रत्यक्ष भेटच होते.

पण हे सगळं पुढचं. मुळात हद्द कुठं आहे? सातबारा क्षेत्र सांगतो, जागा दाखवत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, घाई असेल तर तातडीची जास्त फी भरायची. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात. ज्यांनी आमच्या वास्तुशांतीला यायला सवड काढली नव्हती, ते सगळे मोजणीला नऊच्या ठोक्याला हजर होते. लग्नात नसतो इतका एकोपा होता. फक्त प्रत्येकजण आपापल्या दगडावर उभा होता.

भूकरमापक हल्ली साखळी आणत नाहीत, रोव्हर आणतात. काठीवर बसवलेलं यंत्र आकाशातल्या उपग्रहांना विचारून जमिनीवरचा बिंदू सांगतं. शेजारचे आबा हा प्रकार बराच वेळ डोळे बारीक करून बघत होते. मग म्हणाले, "सॅटलायटाक काय म्हायत? माज्या बापाशीन हयसर दगड पुरललो." यावर भूकरमापकानं काहीही उत्तर दिलं नाही. त्या खात्यात टिकायचं तर काय ऐकू येऊ द्यायचं नाही, हे आधी शिकावं लागत असणार.

उपग्रह आणि आबांचे वडील यांच्यात फरक निघाला तो जेमतेम वीतभर. पण ती वीत नेमकी फणसातून जात होती. मोजणीची 'क' प्रत हातात आली तेव्हा तीवर हद्दीची रेघ पेन्सिलीएवढी बारीक होती, आणि जागेवर त्या रेघेच्या बरोबर मध्ये दोघांच्या कवेत न मावणारा बुंधा उभा. फणस कापा असता तर प्रकरण कुडाळच्या कोर्टात गेलं असतं. रसाळ होता, म्हणून दोन्ही बाजूंनी मनाचा मोठेपणा दाखवला. कुंपण फणसाच्या अलीकडे थांबलं आणि पलीकडून परत सुरू झालं. मधली जागा फणस स्वतः सांभाळतो.

हद्द ठरली, मग माल. हार्डवेअरच्या दुकानात जाणाऱ्यानं एक गोष्ट घरूनच पाठ करून जावी. तारेचं गेज जितकं मोठं, तितकी तार बारीक. ८ गेज जाड, १२ गेज बारीक. नवखा गिऱ्हाईक छातीठोकपणे "मला चांगली चौदा गेजची द्या" म्हणतो आणि दुकानदार त्याच्याकडे फार प्रेमानं बघतो. जाळी उंचीवर मागायची, लांबीवर मोजायची आणि पैसे किलोवर द्यायचे, हेही एक आहेच. त्यात सिमेंटचे खांब, बांधायची तार आणि ताण द्यायला आडवे अँगल. एवढं सगळं टेम्पोतून उतरलं की घराभोवती कुंपण नसून कुंपणाशेजारी घर आहे असं वाटायला लागतं.

काटेरी तारेची मात्र मला गंमत वाटते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिकाल्ब गावी जोसेफ ग्लिडन नावाचा शेतकरी होता. त्याला नोव्हेंबर १८७४ मध्ये या तारेचं पेटंट मिळालं. पहिले काटे वळवायला त्यानं घरातली कॉफी दळायची चक्की वापरली असं सांगतात. त्याच्या बायकोचं यावरचं म्हणणं इतिहासानं नोंदवलेलं नाही. आमच्या घरी पुरणयंत्राला असा हात लावला असता, तर जगाला काटेरी तार मिळाली नसती.

तसं बघितलं तर ते सगळं दशकच कुंपणाचं होतं. १८७१ मध्ये इंग्रजांनी आपल्याकडे गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला, म्हणजे दुसऱ्याच्या पिकात घुसलेली गुरं कोंडवाड्यात. (आमच्या गावच्या कोंडवाड्यात आता ग्रामपंचायतीची मोडकी कपाटं कोंडलेली आहेत. गुरं बाहेरच असतात.) आणि याच काळात याच सरकारनं देशाच्या छाताडावर एक कुंपण वाढवून ठेवलं होतं, ज्याच्यापुढे कुठल्याही चाकरमान्यानं हात टेकावेत. मिठावरची जकात चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची रेषा आखलेली. तिच्या मोठ्या भागावर, थेट बुऱ्हाणपूरपर्यंत, बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांची वई. काही ठिकाणी दहा-बारा फूट उंच. राखायला सुमारे बारा हजार माणसं. पण वाळवी लागायची, वणवे लागायचे, वादळात झाडं उन्मळायची, आणि लोक मिठाची पोती वरून पलीकडे फेकायचे. शेवटी १८७९ मध्ये सरकारनं मीठकराची व्यवस्था बदलली आणि ती रेषाच सोडून दिली.

ही वई जिवंत झाडांचीच हवी असा ध्यास घेतलेला जकात आयुक्त होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तोच. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवणारा. शेकडो मैल वई लावून झाल्यावर माणसाचा सगळ्या कुंपणांवरचा विश्वास उडत असावा आणि तो राजकारणात जात असावा. निदान आमच्या ग्रामपंचायतीतल्या दोन सदस्यांची सुरुवात तरी बांधाच्या भांडणातूनच झालेली आहे.

आता मागची बाजू. आमच्याकडे तिला परडं म्हणतात. केळी, आळू, मिरच्या, एक शेवगा, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या दोन पोफळी. रस्त्यावरून यातलं काही दिसत नाही, म्हणून पैसा तिकडे जात नाही, आणि चोरीला जाण्यासारखं जे काही असतं ते सगळं तिथंच असतं. जुन्या लोकांचा मागे गडगा असे. चुना-सिमेंट काही नाही, नुसते जांभ्याचे दगड एकमेकांत बसवलेले. पावसाळ्यात त्यावर हातभर शेवाळ, तेरडा, नेचे. फटींत सरडे, विंचू आणि फुरसं. चोराला अडवायचं काम गडग्याची उंची करत नाही, फुरशाची कीर्ती करते.

मी मागे जाळी मारली. हिरवी, पाच फुटी, चेनलिंक. जाळीवर पहिला अभिप्राय वानरांनी दिला. आधी एक म्हातारा नर खांबावर येऊन बसला, दोन्ही बाजूंना नीट बघून घेतलं, मग मागून सगळं कुटुंब आलं. इतके दिवस परड्यात उतरायला त्यांना शेवग्यावरून उडी मारावी लागे आणि शेवगा फांदीला कच्चा. आता पाय ठेवायला चौकोन चौकोन आयते. लहान पिल्लं तर केळी खायचं सोडून नुसतीच जाळीवर झोके घेत होती. आमच्या केळीचा घड गेला, पण त्यांच्या मुलांची सोय झाली. रात्री रानडुकरांनी वर चढायचा त्रास घेतला नाही. त्यांनी जाळी खालून उचलली.

मग झटका मशीन लावा, असं मोटरसायकलवाल्यासारख्याच एकानं सांगितलं. सौर बॅटरीवर चालणारं, थांबून थांबून हलका धक्का देणारं यंत्र मिळतं, शेतकरी वापरतात. त्यात वावगं नाही. पण काहीजण सरळ घरातल्या विजेचा करंट तारेत सोडतात. त्यानं डुक्कर मरतं, गाय मरते आणि अंधारात वाट चुकलेला शेजारीही मरतो. हा विनोदाचा विषय नाही. तो गुन्हा आहे आणि तो करू नये.

शेवटी आबांनी जे सुरुवातीलाच सांगितलं होतं, तेच झालं. "मागसून वंय घाल. मोगली एरंडाची." मोगली एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत, फांदी तोडून खोचली की पाऊस तिला जगवतो, आणि एकदा दाट झाली की डुकराला डोकं घालायला फट राहत नाही. वानरं येतातच, पण त्यांना चढायला मजा येत नाही, म्हणून फार थांबत नाहीत. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं असं मानतात. नाव मोगलांचं, वावर कोकणात. २००३ च्या सुमारास सरकारला वाटलं की याच्या बियांतून देशाचं डिझेल निघेल, आणि काही वर्षं आमच्या वया अचानक राष्ट्रीय संपत्ती झाल्या. त्या डिझेलचं पुढे फारसं काही झालं नाही. तरी २७ ऑगस्ट २०१८ रोजी एक विमान डेहराडूनहून दिल्लीला थोडंफार याच तेलावर उडालं होतं. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग रे? आमचो गुरवाडो खंय उडता?"

या वईचा खरा उपयोग मला नातीनं दाखवला. पानाचा देठ अलगद अर्धा मोडायचा, तुटल्या जागी चिकाचा पातळ पडदा धरतो, त्यावर हळू फुंकर मारायची. साबणाशिवाय फुगे निघतात, उन्हात सात रंग दाखवत आळवावर जाऊन फुटतात. तिला हे शेजारच्या पोरांनी शिकवलं, वईच्या पलीकडून. चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, हे तिच्या आईनं तिला शिकवलं, वईच्या अलीकडून. बिया मात्र मुलांना हाताळू देऊ नयेत. चवीला बऱ्या लागतात आणि मग उलट्या-जुलाबांनी मूल दवाखान्यात जातं.

आणि वईला एक भोक आहे. ते आम्ही ठेवलेलं नाही, आबांनीही ठेवलेलं नाही, पण लावल्याच्या दुसऱ्या पावसात ते तिथं होतं. कमरेच्या उंचीवर, बरोबर एक वाडगा जाईल एवढं, कडेच्या फांद्या हात लागून लागून गुळगुळीत झालेल्या. तिकडून तळलेले बांगडे येतात, इकडून शिरवाळे जातात. स्टीलच्या वाडग्यांवर नावं कोरलेली आहेत, तरी आमच्या मांडणीत चार वाडगे त्यांचे आहेत आणि त्यांच्याकडे आमचे बहुधा पाच. वाडगा रिकामा परत करायचा नाही हा नियम. काही नसलं तर दोन हिरव्या मिरच्या, चार आमसुलं. मोजणीच्या दिवशी वीतभर जागेसाठी श्वास रोखून उभी असलेली दोन घरं या भोकातून दिवसाला दोन-तीनदा बोलतात, आणि त्या भोकाला हद्द कुणाच्या बाजूची हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पुढच्या बाजूला मी आता फार लढत नाही. कमरेएवढी चिऱ्याची भिंत आहे, तिच्या आतून जास्वंद लावली आहे. पहाटे पाचला एक गृहस्थ पिशवी घेऊन येतात आणि भिंतीबाहेर डोकावलेली सगळी फुलं नेतात. एकदा मी जागा होतो तर मलाच म्हणाले, "तुमची ती आतली फांदी जरा बाहेर वळवा, हात पोचत नाही." मी वळवली. त्यांच्या गणपतीनं माझं काय वाईट केलंय? कोयनेल लावली असती तर दर महिन्याला कात्री चालवावी लागली असती, मेंदी लावली असती तर नागपंचमीच्या आदल्या दिवशी कुंपणाच्या काड्या उरल्या असत्या. बोगनवेल दिसते झकास, पण तिचे काटे पहिल्यांदा ओरबाडतात ते मालकालाच.

तेव्हा जे कुणी सध्या घर बांधत आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत हातात येईपर्यंत एक दगड हलवू नका. खर्चायचे पैसे मागच्या बाजूला खर्च करा. पुढे भिंत ठेंगणी ठेवा, सिंह विकत घेऊ नका. मोगली एरंडाच्या फांद्या पहिल्या पावसाच्या आत खोचाव्या लागतात; लागल्या तर आमच्याकडे हव्या तेवढ्या आहेत, कोयता घेऊन या. फक्त येताना मागच्या वाटेनं या. पुढच्या गेटची कडी मागच्या पावसात गंजून बसली आहे आणि अद्याप कुणालाच तिची गरज पडलेली नाही.